काळ्या रंगावर घेतलेला आळ

ही हकीकत लिहायची मी तीस वर्षं टाळली. सोरायसिसबद्दल बोलायचं मात्र टाळलं नाही. आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळात कुणाच्या कोपरावर, गुडघ्यावर चट्टा उठला की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्याला ऊन सांगतो, खोबरेल सांगतो, कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि कोणत्या जाहिरातीच्या नादी लागायचं नाही ते सांगतो. समोरचा माणूस हलका होऊन जातो. मी होत नाही, कारण मधला एक तुकडा मी दर वेळी गाळतो.

आता वय एक्याऐंशी. आमच्या मंडळातल्या जुन्या चाळीस घरांपैकी निम्मी तरी अजून इथे आहेत. त्या घरांसाठी हे लिहितो आहे. नव्याने आजारी पडलेल्यांना यातून काही मिळालं तर चांगलंच.

*

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी एका कापड गिरणीत टाइम ऑफिसला होतो, म्हणजे कामगारांच्या हजेरीचं काम माझ्याकडे. बाजारात रोज नवी वस्तू येत होती, टॉवर चौकातल्या दुकानांच्या पाट्या बदलत होत्या, आणि आमच्या गिरणीची एक पाळी बंद झाली होती. दिवाळीनंतर मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझं मुळे हे आडनाव त्यांच्या तोंडी 'मुले' व्हायचं. म्हणाले, "मुले बाबू, लिस्ट बनाइए. किसके बिना चल सकता है."

वीस वर्षं ज्यांची हजेरी मांडली त्यांची नावं मी निवडायची. यादी गुप्त होती, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होती. माणसं नमस्कार करताना अर्धा क्षण जास्त थांबायची. एक जुना विणकर रोज विचारायचा, "बाबूजी, मेरा तो नहीं है ना?" मी म्हणायचो, "अरे, कैसी लिस्ट?" आणि बाहीच्या आतून कोपर खाजवायचो.

खाज तिथूनच सुरू झाली. हे मला आज दिसतं. तेव्हा वाटायचं, थंडी आहे, कातडी कोरडी पडली असेल.

*

संक्रांतीला आमच्याकडे काळं नेसतात हे मराठी माणसाला सांगायला नको. पण उज्जैनमध्ये ते सांगावं लागतं. माझी पत्नी सुमन त्या वर्षी हळदीकुंकवाच्या वाणासाठी शहराच्या कडेच्या भैरवगढला युसूफभाईंकडे गेली. ते पिढीजात कापडावर ठशांची छपाई करणारे. तिने ताटावर झाकायचे चाळीस रुमाल सांगितले, काळ्या जमिनीवर पांढरी बुट्टी.

युसूफभाई म्हणाले, "भाभीजी, त्योहार पे काला?"

"आमच्याकडे संक्रांत को काला ही चलता है," सुमन म्हणाली.

ते खूश झाले. काळा ही त्यांची खासियत होती. गंजकं लोखंड आणि गूळ मडक्यात आंबवून ते तो रंग करत. वडिलांनी शिकवलेला. रुमाल पोचवायला ते स्वतः आले आणि सोबत त्याच छापाची एक चादर आणली. "ये साब के लिए. इसका हिसाब नहीं है."

मी ती चादर त्याच आठवड्यात अंथरली. पंधरा दिवसांत पाठीवर, कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे, आणि त्यांवर चुन्याच्या पोपड्यांसारख्या खपल्या. सकाळी उठलो की काळ्या चादरीवर पांढरा कोंडा पसरलेला असायचा. कामवाली यायच्या आधी सुमन चादर गॅलरीत नेऊन झटकायची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू.

*

रथसप्तमीच्या दिवशी शेजारच्या कानिटकरांकडे शेवटचं हळदीकुंकू होतं. बायका आत, आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत. माझ्या बाहीवर तेलाचा डाग होता. कानिटकर म्हणाले, "हे काय, मुळे? स्वयंपाक तुम्ही करता काय आजकल?"

सगळे हसले. मी बाही वर केली. हसणं थांबलं. एकाने खुर्ची जराशी मागे घेतली, आणि त्याच्या मनात कोणता शब्द आला ते मला कळलं. माझ्याही मनात रोज आरशासमोर तोच यायचा.

मी म्हणालो, "भैरवगढचा काळा रंग. त्या चादरीचा प्रताप."

इतकंच. तेव्हा मी ते खरं मानत होतो, म्हणून त्या वाक्याबद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही. पण ते वाक्य बोलताच खोलीतली हवा बदलली. खुर्ची पुढे आली. मी रोगी नव्हतो, मी फसवला गेलेला माणूस होतो. ते फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत चाळीस घरांत बातमी गेली. त्या वर्षांत अशा बातमीला आणखी पाय फुटायचे. एकाने म्हटलं, या लोकांनी मुद्दामच काही घातलं असेल. मी त्यावर काही बोललो नाही.

सुमनने मात्र दोष स्वतःकडे घेतला. रुमाल तिने आणले होते, चादर तिच्यामुळे घरात आली होती. तिने आमच्या घरचे रुमाल बोहारणीलासुद्धा दिले नाहीत, कुणाला बाधतील म्हणून. देवापुढे ती जास्त वेळ बसायला लागली. का बसते ते मी विचारलं नाही.

*

होळीच्या आधी मी फ्रीगंजमधल्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. एकटाच. त्यांनी पाठ पाहिली, टाळू पाहिला, मग माझी बोटं हातात घेऊन नखं उजेडाकडे धरली. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे होते. ते माझ्या लक्षातच आले नव्हते.

"सोरायसिस है," त्या म्हणाल्या.

मी चादरीबद्दल सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण विचारलं, "नाखून भी चादर पर सोते हैं आपके?"

मग त्यांनी घरात कुणाला होतं का ते विचारलं. मला माझे काका आठवले. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारे, कुणाच्या लग्नाला न येणारे. मी म्हणालो, "नाही, कुणालाच नाही."

"और काम पे क्या चल रहा है?"

"काही विशेष नाही."

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. म्हणाल्या, हा आजार एकट्या ताणाने होत नाही, तो आत असतोच. पण डोकं आणि कातडी यांच्यात तारा आहेत. डोक्यात रात्रंदिवस घंटी वाजत राहिली की कातडीला ती ऐकू जाते, तिला वाटतं कुठेतरी जखम झाली आहे, आणि ती भराभर नवी कातडी बनवत सुटते. "आप खुजाते कब हैं? ध्यान दीजिए."

बाहेर येऊन मी सायकलचं कुलूप उघडत होतो आणि खाजवत होतो. फाटकावरचा विणकर डोळ्यांसमोर होता.

महारोग नाही, संसर्ग नाही, जिवाला धोका नाही. मी नाचत घरी जायला हवं होतं. पण माझ्या कानात एकच प्रश्न राहिला होता, घरात कुणाला होतं का. माझी मुलगी मंजू तेवीस वर्षांची होती आणि तिच्या लग्नाचं बघत होतो. रंगाने झालं तर ते माझ्यापुरतं. रक्तातून आलं तर ते तिच्याही पत्रिकेत.

घरी सुमनला सांगितलं, "ॲलर्जी म्हणतायत. रंगाचीच."

होळीला कॉलनीच्या चौकात कानिटकरांनी ते काळे रुमाल आणून आगीत टाकले. दोन-तीन घरांनी आपापले दिले. "मुळ्यांची पीडा जळू दे," कुणीतरी म्हणालं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कापड शुद्ध सुती होतं. झटकन पेटलं. मला सगळं माहीत होतं आणि मी नारळ हातात धरून उभा होतो.

*

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मंजूचं देवासला ठरत आलं होतं. मुलाचे मामा बोलणी करायला आले. बाहेरच्या खोलीत चहा झाला. माझ्या हातांना मलमाच्या पट्ट्या होत्या. मामांनी विचारलं, "हाताला काय झालं?"

सुमनने लगेच सांगितलं, "रंग बाधला हो. माझ्याच हौसेने."

तेवढ्यात दारात युसूफभाई उभे राहिले.

गणेशोत्सवातल्या विक्रीत त्यांचा स्टॉल असायचा, मंडळाने त्या वर्षी नाही म्हणून कळवलं होतं. टॉवर चौकातल्या दोन दुकानदारांनी माल परत पाठवला होता. सगळीकडे माझं नाव सांगितलं जात होतं. ते चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच थांबले आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. हात काळपट निळे, नखांच्या मुळात रंग मुरलेला. एकही चट्टा नाही.

"साब, चालीस साल से ये हाथ उसी मटके में हैं. मुझे तो कुछ नहीं हुआ. आप बस इतना कह दीजिए कि डॉक्टर ने कपड़े का नहीं बताया. लोग आपकी मानते हैं."

मामांनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग युसूफभाईंच्या. ते पुढे काय विचारणार ते मला दिसत होतं. कपड्याने नाही, तर मग कशाने?

मी म्हणालो, "नहीं युसूफभाई. डॉक्टर ने रंग का ही बताया है. अब क्या करें."

मामा म्हणाले, "हल्ली कच्चेच रंग वापरतात सगळे."

युसूफभाई माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते हळूहळू बाह्या खाली करत होते. म्हणाले, "डॉक्टर ने कहा है, तो फिर ग़लती हमारी है, साब." आणि गेले.

सुमन पाणी द्यायला उठली होती. ती तांब्या घेऊन दारात आली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

*

त्यानंतर तीन आठवड्यांत माझं सगळं अंग लाल झालं. चट्टे वेगवेगळे राहिलेच नाहीत, एकमेकांत मिसळले. थंडी वाजायची आणि कातडी भाजत असायची. नख लागलं की तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवं उठायचं. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. मी घरातल्या घरात फेऱ्या मारायचो, आणि प्रत्येक फेरीला दारापाशी आलो की ते हात दिसायचे. मला इंदूरच्या इस्पितळात दाखल केलं.

तिथली दिनचर्या अजून पाठ आहे. सकाळी सहाला बिछाना झटकणं. झाडूवाला माझ्या पलंगाखालून सुपलीभर पांढरं काढायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "आज तो बर्फ गिरी है, बाबूजी." पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी मी त्याची वाट पाहायला लागलो, कारण वॉर्डात थट्टा करण्याइतका जवळ तोच यायचा. मग व्हॅसलीन, मग डांबराच्या वासाचं मलम. केरळच्या एक सिस्टर होत्या. त्या हातमोजे न घालता पाठीला मलम लावायच्या. सहा महिन्यांत मला कुणी असा उघडा हात लावला नव्हता. मी उशीत तोंड घालून रडलो. त्या मलम लावत राहिल्या.

सुमन दिवसभर स्टुलावर बसायची. सातव्या का आठव्या दिवशी दुपारी ती माझी चादर नीट करत होती. चादर पांढरी, उशी पांढरी, माझे कपडे पांढरे. मांडीवर सकाळी नवे चट्टे उठले होते. ती बघत उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "इथे तर सगळं पांढरं आहे."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"तुम्हांला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

तिने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. मग दुसरं टोक. पार कडेपर्यंत, एक सुरकुती राहू दिली नाही. म्हणाली, "पाच महिने मी देवाजवळ माफी मागते आहे. माझ्या हातून नवऱ्याला हे झालं म्हणून."

मी मंजूचं नाव काढलं. ती म्हणाली, "कळतंय मला. लग्न होऊ दे तिचं. मग तुम्ही स्वतः भैरवगढला जा आणि त्यांना सांगा. मंडळातही सांगा. मी नाही सांगणार. ते तुमचं काम आहे."

विचित्र म्हणजे त्या दिवसानंतर अंगावरची लाली उतरायला लागली. औषधांचा गुण होता, ते मी नाकारत नाही. पण घरातल्या एका माणसाशी खोटं बोलायचं संपलं होतं, आणि त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी सलग झोपलो. डॉक्टरबाईंची घंटी म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

*

मंजूचं लग्न मार्गशीर्षात झालं. आणि मी गेलो नाही.

आधी म्हटलं, नवं नातं आहे, वर्षभर जाऊ दे. मग गिरणी बंद झाली, माझी यादीही निरर्थक ठरली, यादीतले आणि यादीबाहेरचे सगळेच घरी बसले, मीसुद्धा. मग मंजूला मुलगी झाली, आणि त्यानंतर तिच्या कोपरावर एक चट्टा उठला. तिने तो त्याच दिवशी नवऱ्याला दाखवला, आजाराचं नावही सांगितलं. तिच्या सासूबाईंनी खोबरेल गरम करून लावलं. एवढंच झालं. ज्यासाठी मी एका माणसाचा धंदा बुडवला, ते इतकं साधं निघालं. त्यानंतर मीही मंडळात आजाराचं नाव घेऊ लागलो, पण तो रंगाने उठला ही गोष्ट खोडली नाही.

दर संक्रांतीला सुमन काळी साडी नेसायची, हळदीकुंकू करायची नाही, आणि तिळगूळ देताना विचारायची, "जाऊन आलात?" काही वर्षांनी तिने विचारणं सोडलं. संक्रांतीच्या आसपास माझ्या अंगावर दर वर्षी चट्टे उठतात. डॉक्टर म्हणतात थंडीने. असेलही.

मंजूच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा मी गेलो. उज्जैनातल्याच देवास गेटच्या स्टँडवरून टेम्पो धरला आणि भैरवगढ येईपर्यंत एक वाक्य घोकत राहिलो.

युसूफभाई ओट्यावर बसले होते. मोतीबिंदूने नजर गेली होती, छपाई मुलगा करत होता. मी नमस्कार केला, तर आवाजावरून त्यांनी ओळखलं. "मुले साब." मुलाला स्टूल आणायला लावलं, चहा सांगितला. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "अब कैसी है आपकी चमड़ी?"

"ठीक है."

"शुक्र है." मग ते जरा पुढे झुकले. "साब, वो काला मैंने उसी साल बंद कर दिया था. अब्बा का था. मटके तोड़ दिए. सोचा, किसी और को न हो जाए. अब बाज़ार की पुड़िया का लगाते हैं." त्यांनी हात जोडले. रंग बराच उतरला होता, नखांच्या मुळात तेवढा होता. "आपको बड़ी तकलीफ़ दी हमने. माफ़ कर देना."

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "अरे जाने दीजिए, युसूफभाई. पुरानी बात है."

मी त्यांना माफ केलं. चहा प्यायलो. निघताना त्यांनी चाचपडत एक लाल रुमाल माझ्या हातात दिला. "काला नहीं है. बेफ़िक्र रहिए."

घरी सुमनने विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पुरानी बात है."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला आल्याचा चहा करून दिला. पुढच्या संक्रांतीला तिने पुन्हा हळदीकुंकू केलं. ती आत्ता पलीकडच्या खोलीत आहे. ही पानं सगळ्यांच्या आधी ती वाचणार आहे.

युसूफभाई त्यानंतर दोन वर्षांनी गेले. तो काळा आता भैरवगढमध्ये त्यांच्या घरी कुणाला येत नाही. ज्या घरांनी रुमाल जाळले, फेकले, त्यांनी हे वाचावं, आणि रंगाची गोष्ट अजून कुठे सांगितली जात असेल तर ती माझं नाव घेऊन खोडावी.

टेम्पोत घोकलेलं वाक्य फार लांब नव्हतं. देवास गेट ते भैरवगढ, तेवढ्यात पाठ झालं होतं.

युसूफभाई, आपके रंग में कुछ नहीं था. बीमारी मेरी थी, और मुझे होली के पहले से मालूम था. मुझे माफ़ कर दीजिए.